वाचनाचा संकल्प आणि सोबत्यांची संगत

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे कित्येक विद्यार्थी मनाशीं संकल्प करितात, कीं या वर्षीं आपण २५ पुस्तकें वाचूं. कोणी ५० चा आंकडा धरितो. दिवाळीची सुट्टी येते, तरी तो संकल्प वहीच्या पहिल्या पानावरच असतो. याचें कारण विद्यार्थ्यांचा आळस होय असें आम्ही मानीत नाहीं. दोष बहुधा संकल्पाच्या घडणींतच असतो. एक तर तो पुस्तकांच्या संख्येनें मोजलेला असतो. आणि दुसरें, तो कोणास न सांगतां एकट्यानें केलेला असतो. वाचन एकांतांत करावें हें खरें. तथापि वाचलेलें सोबत्यांस सांगितल्यावांचून व त्यांचें ऐकून घेतल्यावांचून तें मनांत पक्कें ठरत नाहीं. याचे दोन दाखले इतिहासांतून घेऊं.

पहिला दाखला अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचा आहे. इ. स. १७२७ मध्यें बेंजामिन फ्रँक्लिन या २१ वर्षांच्या मुद्रकानें आपल्या ओळखीच्या तरुणांची जंटो नांवाची एक मंडळी स्थापिली. फ्रँक्लिनचें शाळेंतील शिक्षण दहाव्या वर्षींच संपलें होतें. त्याच्या सोबत्यांतहि कोणी तावदानें बसविणारा, कोणी जोडे शिवणारा, कोणी सुतार, कोणी जमिनीची मोजणी करणारा, तर कोणी दस्तऐवजांच्या नकला लिहिणारा होता. ही मंडळी दर शुक्रवारीं सायंकाळीं जमत असे. प्रत्येकानें पाळीपाळीनें नीति, राजकारण किंवा सृष्टिशास्त्र यांवर प्रश्न काढावा, व तीन महिन्यांतून एकदां स्वतः लिहिलेला निबंध वाचून दाखवावा, असा नियम होता. सभेंत विचारावयाच्या प्रश्नांची एक यादीहि ठरलेली होती. तींतील पहिलाच प्रश्न वाचनाविषयीं होता: नुकत्याच वाचलेल्या ग्रंथांत मंडळीस सांगण्याजोगें कांहीं आढळलें कीं काय, असा त्याचा आशय. किती ग्रंथ वाचले, हा प्रश्न त्या यादींत कोठेंच नाहीं.

या मंडळीचा आणखी एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ‘मी म्हणतों तेंच खरें’ अशा थाटाचें बोलणें, आणि दुसऱ्याचें म्हणणें तोंडावर खोडून काढणें, यांस तेथें कांहीं काळानें बंदी झाली. नियम मोडणारास लहानसा दंड पडे. सत्य शोधण्यासाठीं बोलावें, जिंकण्यासाठीं बोलूं नये, हा त्यांतील हेतु होता.

चर्चेंत पुस्तकांची वारंवार गरज पडूं लागली, तेव्हां सर्वांनीं आपापलीं पुस्तकें एका खोलींत आणून ठेविलीं. परंतु त्यांची नीट निगा राहिली नाहीं, आणि सुमारें वर्षभरानें ज्यानें त्यानें आपलीं पुस्तकें घरीं परत नेलीं. तेवढ्यानें ती कल्पना मेली नाहीं. इ. स. १७३१ मध्यें फ्रँक्लिननें वर्गणीचें ग्रंथालय काढिलें. ५० वर्गणीदारांनीं आरंभीं ४० शिलिंग व पुढें दरसाल १० शिलिंग द्यावे असें ठरलें. तें ग्रंथालय फिलाडेल्फियांत आजहि चालू आहे. स्वतः फ्रँक्लिन त्याच्या साहाय्यानें दररोज एक-दोन तास अभ्यास करी. त्याचा वाचनाचा नेम वेळेचा होता.

दुसरा दाखला आपल्या मुंबईचा आहे. इ. स. १८४८ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयांत विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र यांस वाहिलेली एक सभा निघाली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकीं होते. तेथें निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होई. मराठी व गुजराती भाषांत हेंच कार्य करण्यासाठीं तिच्या ‘ज्ञानप्रसारक’ नांवाच्या शाखा निघाल्या. ही चर्चा चार भिंतींत राहिली नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८४९ मध्यें, या सभेच्या तरुणांनीं मुलींच्या शाळा काढिल्या, आणि आरंभीं ते आपल्या फुरसतीच्या वेळीं तेथें वेतन न घेतां शिकवीत. वाचलेल्या व बोललेल्या विचारास चार जण साक्षी असले, म्हणजे तो कृतींत उतरविण्याची जबाबदारीहि अंगावर येते, हें यावरून दिसतें.

आतां आपल्या शाळेंत हें कसें करावें तें पाहूं. चार-पांच सोबत्यांनीं एकत्र यावें आणि संकल्प दिवसाच्या मापानें ठरवावा. उदाहरणार्थ, साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ हें १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेलें पुस्तक घ्या. त्यांत श्याम आश्रमांतील सोबत्यांस रोज रात्रीं आपल्या आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री पुस्तकांत आहेत. दररोज एक रात्र वाचली तर ६ आठवड्यांत पुस्तक पुरें होतें. मग दर शनिवारीं शाळा सुटल्यावर पाऊण तास बसावें, आणि त्या आठवड्यांत सांगण्याजोगें काय आढळलें तें प्रत्येकानें सांगावें. सोबती आपली वाट पाहत आहेत ही जाणीव असली, कीं चुकलेला दिवस दुसरे दिवशीं भरून काढावासा वाटतो.

ज्यांच्या घरीं पुस्तकें थोडीं आहेत त्यांसहि ही रीत उपयोगी आहे. पांच जणांनीं एकेक पुस्तक आणिलें तर प्रत्येकास पांच वाचावयास मिळतात. मात्र देणें-घेणें वहींत टिपावें व पुस्तकास वेष्टण घालावें. नाहीं तर त्या फिलाडेल्फियाच्या खोलीची गत व्हावयाची.

अभिप्राय कसा द्यावा, हाहि शिकण्याचा विषय आहे. ‘छान आहे’ किंवा ‘कंटाळवाणें आहे’ एवढ्यानें ऐकणारास कांहींच कळत नाहीं. कोणता प्रसंग, कोणतें पात्र, कोणतें वाक्य, आणि तें कां आवडलें वा नावडलें, हें सांगितलें म्हणजे अभिप्राय पुरा झाला. श्याम पोहावयास भितो व लपून बसतो, तेव्हां आई त्यास मारून विहिरीवर पाठविते, असा एक प्रसंग त्या पुस्तकांत आहे. एक विद्यार्थी म्हणेल, मुलास कोणीं भित्रा म्हणूं नये म्हणून आईनें केलें तें योग्यच. दुसरा म्हणेल, समजूत घालूनहि काम झालें असतें. दोघांनींहि पुस्तक उघडून आपापला आधार दाखवावा. एकाचें मत बदललें नाहीं तरी हरकत नाहीं; दोघेहि तो प्रसंग पहिल्यापेक्षां अधिक बारकाईनें वाचतील.

शिक्षकांनीं वाखाणलेलें पुस्तक विद्यार्थ्यास आवडलें नाहीं, तर त्यानें तें नम्रपणें, पण स्पष्ट सांगावें. नावडलेल्या पुस्तकास भीतीनें चांगलें म्हणणारा मुलगा पुढें आपलें मत काय, हें स्वतःसहि विचारीनासा होतो. मार्गदर्शिकेंतील तयार अभिप्राय पाठ केल्यानें गुण मिळत असतील; परंतु मोठेपणीं सभेंतील वक्ता, वर्तमानपत्र आणि बाजारांतील जाहिरात यांचे तयार अभिप्रायहि तो असेच पाठ करील. मत बनविण्याची संवय शाळेंत लागली नाहीं, तर ती पुढें लागणें कठीण.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मुलानें किती पानें वाचलीं हें विचारण्याऐवजीं, रात्रीं जेवतांना त्यास विचारा, कीं आज सांगण्याजोगें काय वाचलेंस? तें सांगत असतां मध्येंच चूक काढूं नका. मग तुम्हीहि लहानपणीं वाचलेलें किंवा ऐकलेलें कांहीं त्यास सांगा. ज्या घरांत वाचतां येणारें मोठें माणूस नाहीं, तेथें तर मुलानेंच एक पान मोठ्यानें वाचून दाखवावें. ऐकणारास मिळालें कीं वाचणाराचेंहि वाढतें.

विद्यार्थ्यांनो, संकल्पास पुढच्या जूनची वाट पाहूं नका. चार सोबती निवडा, एक पुस्तक ठरवा, आणि येत्या शनिवारीं पाऊण तास बसा.