हायब्रिड सिंथ घेताय? आधी भोवतालचा खर्च मांडा

घरच्या कीबोर्डला स्पीकर असतो, सिंथेसायझरला बहुधा नसतो. हौसेने आणलेलं वाद्य पहिल्या संध्याकाळी मुकं राहतं, कारण हेडफोन घ्यायचे राहून गेलेले असतात. म्हणून हाताशी असलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत वाद्य शोधा.

हायब्रिड म्हणजे काय?
ढोबळपणे सांगायचं तर मूळ आवाज डिजिटल चिप तयार करते आणि तो गाळणारा फिल्टर ॲनालॉग असतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वोल्फगांग पाल्म यांच्या पीपीजी वेव्हमध्ये हीच जोडी होती. डिजिटल बाजूने आवाजांची विविधता मिळते, ॲनालॉग फिल्टरने त्याला गोलाई येते.

पट्ट्यांआधी व्हॉइस मोजा
पॉलिफोनिक सिंथवर एका वेळी किती सूर वाजतील, ते व्हॉइसच्या आकड्यावरून कळतं. चार व्हॉइसच्या वाद्यावर डाव्या हाताने षड्ज धरला आणि उजव्याने तीन सुरांची कॉर्ड वाजवली, की कोटा संपला. आवाज रेंगाळणारा असेल, तर पुढची कॉर्ड दाबताच आधीच्या सुरांची शेपटी कापली जाते.

नवशिक्यासाठी दोन नमुने पाहा. कॉर्गच्या मिनीलॉग एक्सडीमध्ये (२०१९) चार व्हॉइस आहेत आणि प्रत्येकात मूळ आवाज तयार करणाऱ्या दोन ॲनालॉग ऑसिलेटरना एका डिजिटलची जोड आहे. आर्टुरियाच्या मिनीफ्रीकमध्ये (२०२२) सहा व्हॉइस, डिजिटल ऑसिलेटर आणि ॲनालॉग फिल्टर. बाजारात आले तेव्हा त्यांचे भाव अनुक्रमे सुमारे ६५० आणि ६०० डॉलर होते. दोन्हींना ३७ अरुंद पट्ट्या. ३९ किंवा ४२ पट्ट्यांच्या पेटीवर बसलेल्या हाताला त्या फार कमी वाटणार नाहीत, पण पियानो शिकलेल्याने आधी हात ठेवून पाहावा.

खर्चाचा ढोबळ अंदाज
- वाद्य: डॉलर ९० रुपये धरला, तर ६०० डॉलरचे ५४,००० रुपये. परदेशातून स्वतः मागवलं, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क लागतं आणि त्या साऱ्यावर जीएसटी. भारतातल्या दुकानाचा भाव या अंतिम आकड्याशी ताडून पाहा.
- हेडफोन: ३,००० ते ६,००० रुपये. पहिले सहा महिने एवढ्यावर निघतात.
- पाव इंची जॅकच्या दोन केबल: ५०० ते १,५०० रुपये.
- ऑडिओ इंटरफेस: १०,००० ते २०,००० रुपये. रेकॉर्डिंग करायचं तेव्हाच घ्या. स्टिरिओसाठी दोन लाइन इनपुट लागतात. एकच असलेला स्वस्त इंटरफेस पुढे महागात पडतो.
- स्टँड: तूर्त घरचं टेबल पुरे.

जुनं वाद्य घेताना
एकच पट्टी व्हॉइसच्या संख्येहून जास्त वेळा दाबा. बहुतेक सिंथ दर वेळी पुढचा व्हॉइस वापरतात. त्यामुळे एखादा सूर वेगळा किंवा बेसूर लागला, तर तो व्हॉइस बिघडलेला असू शकतो. ॲनालॉग ऑसिलेटर तापून स्थिर व्हायला मात्र थोडा वेळ द्या. प्रत्येक खुंटी पूर्ण फिरवून पाहा. ॲडाप्टर वाद्यासोबतचाच आहे ना आणि त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही तपासा. अमेरिकेतून आलेला फक्त १२० व्होल्टचा ॲडाप्टर आपल्या २३० व्होल्टवर जळेल. मिनीफ्रीकसोबत त्याचं सॉफ्टवेअर रूपही मिळतं. विकणाऱ्याने त्याची नोंदणी तुमच्या नावावर करून द्यायला हवी.

पहिला महिना फुकटात
व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ लॅपटॉपवर मोफत चालतात. तयार आवाज बाजूला ठेवून कोऱ्या पॅचपासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात फक्त फिल्टर, दुसऱ्यात आवाजाचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप, तिसऱ्यात आवाजाला संथ हेलकावे देणारा एलएफओ. चौथ्या आठवड्यात कुणाला तरी खुंटी फिरवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. काय बदललं ते ओळखता आलं, तर दुकानात जा. नाही आलं, तर पैसे महिनाभर बँकेतच राहू द्या आणि पुन्हा फिल्टरपासून सुरुवात करा.