एक वेगनियंत्रक, दोन मोटरी

शाळेच्या मागील पाण्याचा हौद माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मुलांनी तयार केलेल्या नौका त्यात सोडल्या जात. एका वर्षी आठवीच्या मुलांनी दोन मोटरींची नौका बांधली. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते. त्यामुळे मी इतिहासाचा शिक्षक असूनही विजेचा हिशेब माझ्याकडे आला. नौका दोन मिनिटे उत्तम चालली. मग डाव्या पंख्यात शेवाळ अडकले, धूर निघाला आणि वेगनियंत्रक, म्हणजे मुले ज्याला स्पीड कंट्रोलर म्हणतात तो, जळून गेला. मुलांच्या वर्गणीतून घेतलेली ती वस्तू होती. तारा जोडणारा विद्यार्थी दोन दिवस कोणाशी बोलला नाही. वास्तविक चूक त्याची नव्हती. ती माझ्या हिशेबाची होती. तो हिशेब येथे नीट मांडत आहे.

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांवर चालणारी छोटी नौका लोकांना दाखविली. आज तसाच संदेश नौकेतील रिसीव्हर वेगनियंत्रकाला देतो. वेगनियंत्रक बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून मोटरीचा वेग कमी-अधिक करतो.

ब्रश असलेल्या दोन सारख्या मोटरी एका वेगनियंत्रकाला समांतर जोडाव्यात. दोघींची एकेक तार एका टोकाला, उरलेल्या दोन तारा दुसऱ्या टोकाला. यात प्रत्येक मोटरीला पूर्ण विभवांतर मिळते. एकसर जोडणीत ते विभागले जाते, ७.२ व्होल्टची बॅटरी असेल तर सारखा भार असताना प्रत्येकीच्या वाट्याला ३.६ व्होल्टच येतात आणि नौका मंदावते.

आता विद्युतधारेचा हिशेब. उदाहरणादाखल, आपल्या मोटरीचा रोध ०.४ ओहम आणि पाण्यात चालताना ती घेत असलेली धारा ४ अँपिअर धरू. दोन मोटरींचे ८ अँपिअर होतात, म्हणून २० अँपिअरचा वेगनियंत्रक पुरेसा आहे, असे मी मानले होते. मात्र पंखा अडकून मोटर थांबली की तिला रोखणारा तिचा स्वतःचा प्रतिविभव नाहीसा होतो आणि धारा केवळ रोधावर ठरते. ७.२ भागिले ०.४, म्हणजे १८ अँपिअर. एक मोटर अडकली व दुसरी चालू राहिली, तर बेरीज २२ होते. दोन्ही अडकल्या तर ३६. वेगनियंत्रकाची निवड या ३६ वरून करावी, ८ वरून नव्हे. येथे किमान ४० अँपिअरचा वेगनियंत्रक हवा. शिवाय प्रत्येक मोटरीच्या तारेत १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालावा. मग एक पंखा अडकला तर तेवढाच फ्यूज जाईल, आणि दुसऱ्या मोटरीवर नौका काठाला परत येईल.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंखा हवेत फिरवून मोजलेली धारा फसवी असते. मोजमाप पाण्याच्या टबातच घ्यावे. दोन पंखे परस्परविरुद्ध फिरवायचे असल्यास एका मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी आणि पंख्यांची जोडीही डावी-उजवी घ्यावी. ही अदलाबदल मोटरीकडेच चालते. बॅटरीकडच्या तारा उलटल्यास वेगनियंत्रक तत्काळ निकामी होऊ शकतो. ब्रशमधील ठिणग्यांनी रिसीव्हरच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा.

हा सर्व नियम ब्रश असलेल्या मोटरींचा आहे. ब्रशलेस मोटरीत आतील चुंबक कोणत्या क्षणी कोठे आहे हे ओळखून वेगनियंत्रक प्रवाह देतो. दोन मोटरींचे चुंबक एकाच क्षणी एकाच स्थितीत राहत नाहीत. म्हणून तेथे प्रत्येकीला स्वतंत्र वेगनियंत्रक द्यावा लागतो.

तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. कदाचित ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्याला एवढेच सांगायचे आहे: बाळ, तुझी जोडणी अचूक होती. आकडा मी चुकीचा दिला होता.