सत्तर काय?

बदलापूर पूर्वेला, खरवई एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल युनिटने एआय एजंट बसवून घेतला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली की त्याने स्टॉक बघायचा आणि डिस्पॅचची स्लिप काढायची. काम दुसऱ्या कोणीतरी केलेलं. बिघडल्यावर मला बोलावणं आलं. गोडाऊनचे काका स्लिप पुढे करून म्हणाले, "हे बघा, पार्टीने सत्तर किलो मागितलं, ह्याने सत्तर लिटर काढलं." माल होता ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक. ते लिटरला जवळपास १.८४ किलो भरतं, म्हणजे सत्तर लिटरचे झाले सुमारे १२९ किलो. काकांनी गाडी गेटवरच अडवली म्हणून निभावलं.

मालकांचं एकच पालुपद: मॉडेल बदला. मी आधी कोड उघडला.

टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या पायथॉन एसडीकेवर बांधलं होतं. हा प्रोटोकॉल अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. फंक्शनच्या वर एक डेकोरेटर लावला, की त्याचं नाव, डॉकस्ट्रिंग आणि टाइप हिंट्स यांवरून टूलचं वर्णन एसडीके स्वतः तयार करतं. मॉडेलला दिसतं ते एवढंच. आतला कोड दिसत नाही. इथे नाव 'डिस्पॅच', पॅरामीटर 'क्वांटिटी', डॉकस्ट्रिंग कोरी. आत हिशेब लिटरचा. पार्टीने '७० केजी' स्वच्छ लिहिलं होतं, पण 'केजी' ठेवायला टूलमध्ये रकानाच नव्हता. एजंटने आकडा उचलला, एकक गळालं. मॉडेल कितीही महागाचं आणा, हेच होणार.

म्हणून एकक हा वेगळा, सक्तीचा पॅरामीटर ठेवा. किलो किंवा लिटर, तिसरं काही चालणार नाही. एरर नीट लिहा. 'इनव्हॅलिड इनपुट' वाचून एजंट तेच पुन्हा पाठवत बसतो. 'एकक दिलेलं नाही, पार्टीला विचारा' असं लिहिलं तर तो खरंच विचारतो. स्टॉक बघणं आणि स्लिप काढणं ही दोन टूल्स करा. 'फक्त वाचन' किंवा 'विध्वंसक' अशी खूण टूलला लावता येते, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. स्लिप कच्ची राहू दे, काकांनी ओके दिल्यावरच पक्की. हे बंधन कोडमध्ये हवं, डॉकस्ट्रिंगमध्ये नाही. आणि ऑर्डर नंबर तपासा: नेट रेंगाळलं की एजंट तीच हाक पुन्हा मारतो, एका ऑर्डरच्या दोन स्लिपा निघतात.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. सर्व्हर एसटीडीआयओवर चालत असेल तर डीबगिंगसाठी प्रिंट टाकू नका. त्याच वाटेने प्रोटोकॉलचे मेसेज जातात, तुमची ओळ मध्ये घुसली की संवाद तुटतो. लॉग एसटीडीएररवर पाठवा.

चाचणीला स्वतः रचलेली छान वाक्यं घेऊ नका, पार्टीचे जुने मेसेज घ्या. त्यातला निम्मा माल 'मागच्यासारखंच पाठवा' एवढ्यावर मागवलेला असतो.