रात्रीचे आवाज टिपायला कोणता रेकॉर्डर?

प्रश्न : बिरसी गावाजवळच्या एका ओस घरातून रात्री आवाज येतात, असं लोक म्हणतात. आम्हा मित्रांना ते रेकॉर्ड करायचे आहेत. बजेट कमी आहे. काय घ्यावं? – एक वाचक, बिरसी (जि. गोंदिया)

उत्तर : आधी हातातला मोबाइल वापरा. पैसे खर्चायचेच तर डब्ल्यूएव्ही फाइल देणारा साधा रेकॉर्डर घ्या, सेकंडहँडही चालेल. ‘भूत शोधणारी’ दिवे लुकलुकणारी यंत्रं मुळीच घेऊ नका. ती वायरिंग आणि मोबाइललाही प्रतिसाद देतात.

खरी गोम सेटिंगमध्ये आहे. ऑटो गेन बंद ठेवा. तो शांततेत संवेदनशीलता वाढवत नेतो आणि यंत्राचीच खरखर कुजबुजीसारखी ऐकू येते. आवाज आला की आपोआप सुरू होणारी सोयही नको, सुरुवातीचे शब्द तुटतात. रेकॉर्डर हातात न धरता कापडावर ठेवा. दुसरा घराबाहेर ठेवा, तिथे मित्राचा मोबाइल पुरेल. दोन्हींच्या सुरुवातीला एकदाच टाळी वाजवा, म्हणजे वेळ जुळवता येईल. बाहेरच्या रेकॉर्डिंगमध्येही तोच आवाज असेल, तर उगम घराबाहेर असू शकतो.

१९५९मध्ये स्वीडनच्या फ्रीड्रिख युर्गेनसननं पक्ष्यांचे आवाज टिपले आणि त्यात त्याला माणसं बोलताना ऐकू आली. अस्पष्ट आवाजात मेंदू ओळखीचे शब्द शोधतोच. म्हणून क्लिप मित्रांना ऐकवताना काय ऐकू येईल ते आधी सांगू नका. प्रत्येकानं वेगळं लिहावं. गव्हाणी घुबडाचा चीत्कार आधी ऐकून ठेवा, ओस घरं त्याची आवडती. तुमच्याकडे विमानतळ आहे, तेव्हा विमानांच्या वेळाही टिपा.

घरमालकाची परवानगी घ्या. आणि रेकॉर्डिंगवरून गावातल्या कुणावर करणीचा संशय मात्र घेऊ देऊ नका. असा आरोप करून छळणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.