कोबुर्गचे नगरचिन्ह : प्रतीक आणि अर्थांतर

प्रतिमा आणि प्रतीक यांतील भेद शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, प्रतीकाचा अर्थ कायम राहतो का?" उत्तरादाखल मी एका जर्मन शहराच्या नगरचिन्हाचे उदाहरण देतो.

बव्हेरियाच्या उत्तर भागातील कोबुर्गच्या नगरचिन्हात सोनेरी ढालीवर कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक आहे. कानात कुंडल आहे. हे मस्तक शहराचा रक्षक संत मॉरिशस याचे. परंपरेनुसार तो रोमन सैन्यातील, इजिप्तमधून आलेल्या थीबन पलटणीचा नायक. ख्रिस्ती बांधवांवर शस्त्र धरण्यास नकार दिल्यामुळे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या स्वित्झर्लंडच्या भूमीत त्याला मृत्युदंड झाला. लॅटिन 'माउरुस', म्हणजे मूर, या शब्दाशी त्याचे नाव निगडित आहे. माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमधील तेराव्या शतकातील शिल्पात तो चिलखतधारी आफ्रिकी वीर म्हणून उभा आहे. त्या शिल्पात कुचेष्टेचा लवलेशही नाही.

१९२९ मध्ये नगरपरिषदेत नाझी पक्षाला बहुमत देणारे कोबुर्ग हे पहिले जर्मन शहर ठरले. वंशशुद्धीच्या विचाराला हे मस्तक मानवणारे नव्हते. १९३४ मध्ये ते हटवून तेथे तलवार आणली गेली आणि तिच्या मुठीवर स्वस्तिक. आपल्या उंबरठ्यावर मांगल्याची खूण असलेली ही आकृती तेथे 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकड्यांचा क्रूस, या नावाने दहशतीची खूण झाली. १९४५ मध्ये नाझी राजवट कोसळल्यावर जुने चिन्ह परत आले.

पूर्वी मी ही कथा येथेच संपवीत असे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "संताचा मान राखायचा होता, तर ओठ आणि कुंडल असे ठळक का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. २०२० मध्ये कोबुर्गमध्येही हाच आक्षेप घेतला गेला : हे चित्र कृष्णवर्णीयांची साचेबंद प्रतिमा आहे. समर्थकांचे म्हणणे, नाझींनी हटवलेल्या संताला आपण पुन्हा का हटवावे?

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. निर्मात्याचा हेतू आदराचा असला तरी पाहणाऱ्याला झालेली जखम त्याने खोटी ठरत नाही. जातिवाचक शब्द असलेल्या आपल्या जुन्या म्हणी शिकवताना हाच पेच वर्गात उभा राहतो. त्या गाळल्या की इतिहास लपतो. नुसत्या पाठ करून घेतल्या तर अपमान पुढच्या पिढीकडे जातो. म्हणून मी त्या शिकवतो, पण अर्थ सांगण्याआधी विचारतो : हे कोणी, कोणाविषयी म्हटले, आणि ऐकणारा कोण होता?