घुमट-आरतीच्या पथकाची पारख

गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ऐकायला जावे की न जावे, हा प्रश्न मोटारीतून येणाऱ्यांना फारसा पडत नसावा. कार्यक्रम रंगला नाही तर ते उठतात आणि घरी जातात. आमच्यासारख्यांचे तसे नाही. शेवटची बस गेलेली असते, वर्गणी लोकांची असते, आणि एकदा ठरवलेले पथक समोर येऊन बसले की ते मध्यरात्रीपर्यंत ऐकावेच लागते. म्हणून ऐकण्याजोगे पथक आधी हुडकावे कसे, हा विषय मी अभ्यासाला घेतला. ग्रंथालयात त्यावर काही मिळाले नाही. अभ्यासाची सुरुवात झाली ती एका फसलेल्या रात्रीपासून.

माझे गाव पेडणे तालुक्यात. शाळा मराठीतून, घरी बोलणे कोकणीतून, आईचे माहेर खानापूरकडचे असल्यामुळे कन्नडही मराठीइतकीच तोंडात बसलेली, आणि वाणिज्य शाखेच्या निमित्ताने मुक्काम बेळगावच्या वसतिगृहात. 'पोर जमाखर्च शिकते आहे' एवढ्याच पात्रतेवर आमच्या वाड्यावरच्या गणेशोत्सव समितीने दोन वर्षांपूर्वी मला खजिनदार केले आणि अकरा दिवसांपैकी एका रात्री बाहेरचे घुमट-आरतीचे पथक आणण्याचे कामही माझ्याच गळ्यात घातले.

मी ते पथक मोबाईलवर पाहून ठरवले. हजारो लोकांनी पाहिलेली चित्रफीत होती. एकाच रंगाचे कुडते, फेटे, मागे झगमगता पडदा, आणि वादकांच्या माना एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. आणखी काय हवे? त्या रात्री मात्र प्रत्येक घुमटापुढे वेगळा माईक लागला, देवळासमोरच्या मांडवात आठ कर्णे भिंतीसारखे रचले गेले, आणि पहिल्या आरतीपासून शेवटच्या आरतीपर्यंत आवाज एकाच पट्टीत आदळत राहिला. म्हातारी माणसे एकेक करून उठली. माझ्या आजोबांनी वाड्याच्या आरतीत चाळीस वर्षे शामेळ वाजवले आहे. त्यांना आता एकाच कानाने ऐकू येते. ते शेवटपर्यंत बसले. घरी नेताना त्यांनी मला एवढेच विचारले, "घुमट खंय आसलें रे?"

"आजोबा, सहा घुमटां आसलीं," मी म्हटले. ते काही बोलले नाहीत. अंथरुणावर पडेपर्यंत बोलले नाहीत.

सहा घुमटे डोळ्यांना दिसली आणि त्यांच्या कानाला एकही सापडले नाही, याचा अर्थ काय, ते मला समजून घ्यायचे होते. त्यासाठी आधी वाद्य समजावून घेणे भाग पडले. कन्नड विभागाच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे मडके, पण त्याला तोंडे दोन. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते, लहान तोंड उघडेच असते. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डाव्या हाताचा तळवा मागचे तोंड उघडतो, झाकतो, अर्धवट झाकतो. मडक्यातली हवा त्या तळव्याच्या हुकमाने बाहेर पडते आणि त्यातून तो खोल, किंचित कण्हल्यासारखा, वर चढत जाणारा नाद निघतो. नुसती थाप कुणीही मारील. घुमट बोलते ते डाव्या हाताने. जोडीला शामेळ, म्हणजे दोन बारीक काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य, आणि काशाची कांसाळी. हिंदूंच्या घरी चतुर्थीला आरत्या आणि शिगम्यात फाग, तर ख्रिस्ती घरांत मांडो आणि दुलपद, असे हे एकच मडके दोन्हीकडे वाजते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुने लोक म्हणतात, आवाज बदलला. बदलला असेलही, पण घोरपड मारून आरती करावी असे त्यांच्यापैकीही कुणी मला सांगितले नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा-वाद्याचा मान दिला.

आता माझी चूक कुठे झाली ते लक्षात येईल. मोबाईलचा कर्णा रुपयाएवढाही नसतो. खालचे, खर्जातले आवाज त्याच्याने निघतच नाहीत. कांसाळ्यांचा खणखणाट तेवढा स्वच्छ ऐकू येतो, शामेळाची टिपरी ऐकू येते, आणि घुमटाची नुसती टपटप. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी पथक बोलवायचे तीच वगळून मी पथक पसंत केले होते! माल न पाहता वेष्टन पाहून केलेल्या खरेदीला आमच्या अभ्यासक्रमात काय म्हणतात ते प्राध्यापकांनी सांगितलेले होते. त्या वेळी आठवले नाही.

याच्या नेमका उलटा अनुभवही पदरी आहे. २०२४ च्या डिसेंबर महिन्यात सनबर्न हा विद्युत-संगीताचा प्रचंड महोत्सव आमच्या तालुक्यात धारगळला झाला. त्यावरून गावात केवढे वाद झाले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसे गेले, ते वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. मी गेलो नाही, तिकीट झेपणारे नव्हते. पण रात्री आमच्या पडवीत वाऱ्याबरोबर त्याचे ठोके येत. सूर नाही, शब्द नाही, फक्त खालचा धक्का. लांबून खर्ज तेवढा पोहोचतो आणि मोबाईलमधून खर्ज तेवढा वगळला जातो. दोन्हींच्या मधे, वादकापासून दहा-पंधरा हातांवर, जे असते ते खरे. म्हणून पहिला धडा साधा आहे: पथक समोर बसून ऐकल्याशिवाय सुपारी देऊ नये.

पुढच्या वर्षी आषाढ लागल्यापासून मी ऐकत फिरलो. बेळगावहून शनिवारी निघायचे, चोर्ला घाट उतरून साखळीला यायचे, तिथून डिचोली, म्हापसा करीत पेडण्यात घरी. वाटेवर डिचोली तालुका येतोच, तेव्हा जिथे कुठे सराव चालला आहे असे कळे तिथे मी उतरत असे. मये, नार्वे, साखळीच्या आसपासचे वाडे. इकडे कोरगाव, पार्से, मांद्रे. पावसात भिजलो, दोनदा बस चुकली. एकदा ज्या घरी सराव होता तिथल्या माउलीने मला नातलग समजून जेवायला वाढले. मी खुलासा केला नाही.

पथक केव्हा ऐकावे? माझे मत असे की कार्यक्रमाच्या आधीची पंधरा मिनिटे ऐकावीत. चतुर्थीचे दिवस म्हणजे भर पावसाचे. कातडे ओल धरते, सैल पडते, आणि आवाज बसतो. जाणते वादक आल्याबरोबर घुमट शेकायला घेतात, बोटाने टिचकी मारून कान लावतात, पुन्हा शेकतात. एकाने तर पाच वेळा शेकले. गाणारे ताटकळले, पण कुणी त्याला घाई केली नाही. जिथे घुमटे टेम्पोतून उतरली आणि तशीच मांडीवर आली, तिथून मी पाच मिनिटांत उठू लागलो. या एका खुणेने माझे निम्मे काम हलके केले.

दुसरी खूण मला वसतिगृहातल्या अंकोल्याच्या मित्राने दिली. मी सरावाचे ध्वनिमुद्रण खोलीत लावले होते, तर तो उठून बसला. "इदु नम्म गुमटे अल्वेनो?" हे तर आमचे गुमटे! उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हालक्की वक्कलांचे गुमटे पांग त्याने लहानपणापासून ऐकलेले. आम्ही दोघे तीन वर्षे एका बाकावर बसतो, आणि आपले मडके एकच आहे हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. तो म्हणाला, आमच्याकडची म्हातारी माणसे वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, डाव्या हाताकडे बघतात. मीही पुढे तसेच बघू लागलो. सहा वादकांचे सहा डावे हात बघा. एकाचाच हात हलत असेल आणि बाकीच्यांचे तळवे मडक्याला नुसते चिकटून असतील, तर ती सहा घुमटे नव्हेत, एक घुमट आणि पाच मडकी.

शामेळाविषयी आजोबांकडून जे कळले ते इतकेच: ते सर्वांत मोठ्याने वाजता कामा नये, पण त्याच्यावाचून कुणी पुढे जाताही कामा नये. आरती संथ सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने लय चढते. तो चढ कुणी हाताने खुणावून आणला तर समजावे की अजून सराव कच्चा आहे. शामेळाच्या एका फिरतीवर सगळे आपोआप वर गेले, तर पुढे सरकून बसावे.

चौथी खूण कुणी शिकवली नाही, ती मला बाजाराने शिकवली. डिचोलीचे कुंभारकाम सर्वांना माहीत आहे. एका कुंभाराकडे मी घुमटाची किंमत विचारायला म्हणून गेलो आणि बोलता बोलता विचारले, चांगली गिऱ्हाइके कोणती? तो हसला. त्याच्या मते गिऱ्हाइके दोन जातींची. एक येते, रंग आणि आकार बघते, डझनाचा भाव ठरवते, आणि जाते. दुसरे येते, मांडून ठेवलेल्या प्रत्येक मडक्यात तोंड घालून हुंकार देते, अर्धा दिवस घालवते आणि दोनच मडकी घेऊन जाते. "भाव कोण जास्त देतो?" मी विचारले. पहिला, म्हणाला. दुसऱ्या जातीची गिऱ्हाइके कोणत्या वाड्यांवरून येतात ते मी वहीत लिहून घेतले. पुरवठादाराकडे चौकशी केल्यावाचून उधारी देऊ नये असे आम्ही पुस्तकात वाचतो. ते घुमटालाही लागू पडेल अशी कल्पना नव्हती.

स्पर्धांचे काय, असे कुणी विचारील. गोव्यात घुमट-आरतीच्या स्पर्धा पुष्कळ होतात. पुरुषांची, महिलांची आणि मुलांचीही पथके उतरतात, आणि त्यामुळे तरुण मुले या वाद्याकडे वळली हे मान्यच केले पाहिजे. पण स्पर्धेतले पथक ठरलेल्या मिनिटांसाठी बांधलेले असते. तेवढ्या मिनिटांत ते जे करते ते रात्रभर पुरत नाही. स्पर्धेला जावे, मात्र निकालासाठी थांबू नये. एक पथक वाजवून उतरल्यावर पुढच्या पथकासाठी कोणत्या पथकाचे वादक मागे उभे राहून ऐकतात, ते बघावे. वादक फुकट उभे राहत नाहीत.

आता माझा एक पूर्वग्रहही कबूल करतो. पहिल्या फटक्यानंतर मला वाटू लागले की फेटा आणि माईक दिसला की पथक वाईट, आणि साधे कपडे दिसले की पथक चांगले. हे खोटे ठरले. पेडण्यातल्याच एका वाड्यावर अगदी साधी माणसे, मेणबत्तीच्या उजेडात, इतकी बेसूर वाजवीत होती की माटोळीची फळे गळतील असे वाटले. उलट साखळीकडे एका महिला पथकाने एकच माईक मधोमध उंच टांगला होता, आणि त्या बायांच्या घुमटांचा खर्ज मागच्या रांगेपर्यंत जसाच्या तसा येत होता. दोष माईकचा नव्हता. कातड्याला चिकटवलेला माईक फक्त थाप उचलतो. नाद निघतो मागच्या तोंडातून, आणि त्याला पसरायला हवा लागते.

अखेर सापडलेले पथक मयेच्या बाजूच्या एका वाड्यावरचे. कुंभाराच्या यादीतले ते चौथे नाव. आठ माणसे, त्यांत दोघी बहिणी, आणि एक शाळकरी पोर कांसाळ्यांवर. फलक नाही, चित्रफीत नाही. मी मानधन विचारले तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने आधी आपल्या वाड्यावरच्या कोणत्या घरी कोणत्या दिवशी आरती आहे ते बोटांवर मोजले. सातव्या दिवशी जमणार नाही, नवव्या दिवशी येऊ, म्हणाला. टेम्पोचे भाडे द्या, जेवायला खतखते असले तर बरे, आणि देवापुढे काय ठेवायचे ते तुमचे तुम्ही बघा.

नवव्या दिवशी ते दहा वाजता आले. चुलीवर आमच्या काकीने पाण्याचे भांडे ठेवले होते ते उतरवून त्यांनी घुमटे शेकली. मी कर्णे आणले नव्हते, त्यामुळे समितीचे दोन सभासद माझ्याकडे रागाने बघत होते. आजोबांना मी चांगला कान पुढे करून शामेळापासून दोन हातांवर बसवले. पहिली आरती संथ झाली. दुसरीत शामेळाची फिरत आली आणि घुमटे एकदम खालून वर उठली, तशी मांडवातली बोलणी थांबली. आजोबा डोळे मिटून होते. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे गुडघ्यांवर काठ्या धरल्यासारखी चालत होती, आणि तिसऱ्या आरतीत एका ठिकाणी ती शामेळवाल्याच्या आधी वळली. शामेळवाल्याने ते पाहिले. आरती संपल्यावर तो काही न बोलता उठला आणि काठ्या त्यांच्या हातात दिल्या. आजोबांनी एक चंद्रावळ वाजवली. मधे हात थकला, तेव्हा त्या बहिणींनी घुमटाचा आवाज उतरवून त्यांना सांभाळून घेतले. ते किती जणांना कळले मला ठाऊक नाही.

उत्सवानंतर हिशेबाची बैठक झाली. आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहून कमी खर्च झाला होता, पण एक बाब अध्यक्षांना पटेना. "हे बसभाडे सहाशे चाळीस रुपये कशाचे?" मी सांगितले, पथके ऐकत फिरलो त्याचे. "ते कोणत्या खात्यावर टाकलेस?" मी वही दाखवली. 'चौकशीखर्च' असे लिहिले होते. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, आजोबांच्या खुर्चीकडे एकदा पाहिले, आणि सही केली.