बोट हळू, कान सावध

पोरी, फोन हाती आला की आधी टॉकबॅक, म्हणजे आपल्या अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, चालू-बंद करायची खूण बोटांत बसव. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबून धरायची. हा शॉर्टकट सेटिंगमधून कुणाकडून तरी सुरू करून घे. घरच्यांनाही दाखव, नाहीतर फोन बिघडला समजून ते टॉकबॅकच बंद करून टाकतात.

एका बोटाने पडदा चाचपायचा, हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी मारायची. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं, डावीकडे की मागचं. घाईत पडदाभर बोट फिरवत बसू नकोस, क्रमाने सरकत जा. बोलण्याचा वेग आधी कमी ठेव, मग थोडाथोडा वाढव. आम्ही जुनी माणसं ज्या वेगाने ऐकतो, त्यात शेजारी बसलेल्याला एक अक्षर लागत नाही. ते बरंच!

फोनवरून पैसे देण्यासाठी पिन टाकताना इअरफोन हवाच. टॉकबॅकच्या मेनूत पडदा झाकायची सोय आहे, तीही वापर: फोन चालू राहतो, बघणाऱ्याला नुसता काळा पडदा. दुकानदार कितीही भला असो, ‘द्या ताई, मी टाकतो’ म्हणाला तरी पिन सांगायचा नाही. आपला पैसा आपल्याच बोटांनी द्यायचा, यात मी कधीच तडजोड केली नाही.

रोख रकमेसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप आहे, 2020 पासून. एकदा घेतलं की नेटशिवाय चालतं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत सांगतं. खरी की खोटी, ते मात्र नाही सांगत. म्हणून बोटंही तयार कर. पाचशेच्या कोऱ्या नोटेच्या कडांना पाच तिरक्या उठावाच्या रेघा लागतात, शंभराच्या चार, दोनशेच्या चार आणि मध्ये दोन गोल. नोट मळली की उठाव जातो, मग लांबी बघ. नव्या नोटांत शंभराची 142 मिलिमीटर, दोनशेची 146, पाचशेची 150. चार-चार मिलिमीटरचा फरक आपल्यासाठी फारच तोकडा आहे, पण सरावाने कळतो.

बाहेर पडताना एक कान मोकळा ठेव आणि काठी हातातच असू दे. नकाशा वळण सांगतो. उघडं गटार किंवा फुटपाथवर आडवी लावलेली मोटारसायकल काठीलाच लागते.